भागाकाकीचा पांढरा मका

भागाकाकी मक्याला कमरेने धक्का द्यायची. हाताने हलवून बघणं तिला पटत नसे. "हात लबाड असतो," ती म्हणायची, "आवडीचं झाड असलं की हळूच हलवतो." म्हणून दोन्ही हात पाठीमागे बांधून ती ओळीतून चालायची आणि एकेका झाडाला धक्का मारत पुढे जायची. एसटीच्या दारात बायका एकमेकींना मारतात तसा, सगळं वजन टाकून. वाकून परत उभं राहिलं ते झाड पास. आडवं पडलं ते त्याच दिवशी कापून चांदीपुढे. चांदी म्हणजे तिची म्हैस. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, म्हणून चांदी.

हे बघायला आम्ही बाया बांधावर बसायचो. कुणीतरी म्हणायचं, "काकी, मका हाय तो, सवत नाय!"

काकी वळूनही बघायची नाही. "सवत असती तर बरं झालं असतं गो. तिला एवढं निरखावं लागलं नसतं."

आमची वाडी पोलादपूरच्या वर, कुडपणच्या वाटेला. बहुतेक घरांतले पुरुष मुंबईला. भागाकाकीचा नवराही तिकडे वॉचमन, गणपती आणि शिमग्याला यायचा. भात कापून झालं की खाचरं रिकामी पडतात. काकीची तीन गुंठे खाचरं पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, लागून होती, पाणी वळवता यायचं. तिथे ती दिवाळीनंतर मका पेरायची. खायला नव्हे, चांदीसाठी. चैत्र लागला की सड्यावरचं, वरच्या कातळमाळावरचं गवत करपतं, पेंढा सरत येतो आणि जनावरं आटतात. "आपल्याला दुकानातून आणून खाता येतं," ती म्हणायची, "चांदी कुठल्या दुकानात जाईल?"

हा मका मूळचा तिचा नव्हता. कधीतरी गुरांच्या दवाखान्यातून वाडीत चाऱ्याच्या मक्याचं बी वाटलं होतं. उंच वाढणारा, पांढऱ्या दाण्याचा. सगळ्यांनी पेरला, हिरवा कापला, गुरांना घातला, विसरून गेले. काकीने मात्र काही झाडं कापली नाहीत, कणसं वाळेपर्यंत राखली. पुढच्या वर्षी त्याचंच बी. त्याच्या पुढच्या वर्षी त्यातलं निवडून. मी आठवी अर्ध्यावर सोडून घरी बसले तेव्हा तिचं हे चालू होतं, आणि मी वाडी सोडली तेव्हाही चालूच होतं. शाळेत जे टिकलं नाही ते बसणं मला तिच्या बांधावर जमलं. मला जे काही येतं ते तिथलं आहे. आज जे चार घास खाते तेही तिथलेच. म्हणून हे लिहिताना हात जड होतो.

काकीच्या कमरेला जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या खोचलेल्या असायच्या. पास झालेल्या झाडाला ती चिंधी बांधायची. पण एका धक्क्यावर पास कुणी होत नसे. कणसाच्या वर किती पानं, खाली किती, हे ती मोजायची. कणसाचं साल वाळून पांढरं झालं तरी पानं हिरवी आहेत का बघायची. "कणीस म्हातारं आन पाला तरणा," ही तिची परीक्षा. ज्याचा पाला कणसाआधी पिवळा पडला ते बाद, मग कणीस हातभर असलं तरी. शिवाय धाटाचा तुकडा मोडून चावायची आणि चोथा तळहातावर घेऊन बघायची. दोरासारखा निघाला तर तोंड वाकडं करायची.

कडेच्या झाडाला तिने कधी चिंधी बांधली नाही. कडेचं झाड हमखास जोरदार दिसतं, मी एकदा तसं म्हटलंही. ती म्हणाली, "त्याला ऊन जास्त, शेण जास्त, शेजारी एकच. लाडावलेलं हाय ते. मधल्या गर्दीत वाढून दाखवूदे, मंग बांधते चिंधी."

आणि एकाच झाडाचं बी तिने कधी घेतलं नाही. पंचवीस-तीस झाडं तरी पाहिजेत. त्यांत एखादं जांभळ्या धाटाचं, एखादं बुटकं पण रुंद पानांचं, एखादं उशिरा तुरा टाकणारं. मी कंटाळून म्हणायचे, "काकी, ते एक सगळ्यांत चांगलं हाय, त्याचंच घे की सगळं. पुढल्या वर्षी सगळी तशीच निघतील."

"सगळी सारखी निघाली तर निवडू काय गो?" ती म्हणायची. "आन एका घरातल्या एका घरात सोयरीक केली की पोरं किडमिडी होतात. चार घरं पाहिजेत."

शेवटचा निकाल मात्र तिचाही नव्हता. तो चांदीचा. चिंधीवाल्या प्रत्येक झाडाची चार पानं आणि शेंड्याचा तुकडा ती गव्हाणीत वेगळा टाकायची आणि समोर उकिडवी बसायची. चांदीने काय आधी उचललं, काय चघळून टाकलं, किती बुडखे उरले, सगळं बघायची. एका वर्षी एक झाड असं आलं होतं की वाडीतले म्हातारे बघायला आले. धक्क्याला न हलणारं, पानं तलवारीसारखी. चांदीने हुंगलं आणि तोंड फिरवलं. काकीने पुन्हा टाकलं. चांदीने पुन्हा फिरवलं. काकीने पानं उजेडात धरली तर देठाजवळ बारीक करपट ठिपके. आमच्या कुणाच्या डोळ्यांना ते दिसले नव्हते. चिंधी सोडून तिने परत कमरेला खोचली.

"माणूस कणसाला भुलतो," ती म्हणाली. "चांदी नाय भुलत. रोगाचं तिला पहिलं कळतं. ती खोटं बोलत नाय."

हे वाक्य मी तेव्हा हसून ऐकलं होतं.

आता ताकाचं सांगते. वर्षातून एकदा, मका पेरायच्या आधी, काकी ताकाची कळशी घेऊन वाडीतल्या प्रत्येक घरी जायची. तांब्याभर ताक ओतायची आणि म्हणायची, "माझ्या मक्याचा तुरा झडेतो कुणी मका लावू नका. लावायचाच तर खालच्या अंगाला लावा." बास. वर्षभरात वाडीकडे तिचं एवढंच मागणं. हिवाळ्यात आमच्याकडे सकाळचा वारा वरून खाली येतो. वरच्या मक्याचं पीठ, म्हणजे तुऱ्यातून झडतं ते, वाऱ्यावर येऊन तिच्या कणसांच्या केसांवर बसलं की बी तिचं राहणार नव्हतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बघून बघून कळलं होतं. लोक ताक प्यायचे, हसायचे आणि पाळायचे. या ताकाला वाडीत मक्याचं आवतण म्हणत.

त्या वर्षी मी ते ताक प्याले. वर दुसरा पेला मागून घेतला.

आणि तीन आठवड्यांनी महाडच्या दुकानातून गोड मक्याचं बी आणून आमच्या वरच्या खाचरात लावलं. आंबेनळी घाटात गाड्या थांबतात, तिथले टपरीवाले उकडायला कणसं घेतात. आईचं आजारपण वगैरे कारण मला सांगता येईल, पण तसं काही नव्हतं. मला मोबाईल हवा होता. आमचं ते खाचर डोंगराच्या सोंडेपलीकडे, काकीच्या मक्यातून दिसत नाही. मी तेवढाच हिशोब केला, की तिला दिसणार नाही. वाऱ्याला सोंडेवरून यायला कितीसा वेळ, हे माझ्या डोक्यात आलं नाही असं लिहिणार होते. आलं होतं. मी ते बाजूला ठेवलं.

माझी कणसं हिरवीच विकली गेली, धाटं आमच्या बैलांनी खाल्ली. शिमग्याच्या आधी काकीने कणसं सोलायला घेतली तेव्हा माझ्या खाचरात बुडखेसुद्धा नव्हते.

मी तिच्या अंगणातच होते. पहिली दोन-तीन कणसं सोलून झाली आणि तिचा हात थांबला. पांढऱ्या दाण्यांत पिवळे दाणे. इथे दोन, तिथे चार, पांढऱ्या दातांत सोन्याचा बसवावा तसे. मग तिने त्या वर्षीचं तिचं सगळ्यांत लाडकं झाड काढलं. उशिरा तुरा टाकणारं, सगळा शेजार वाळला तरी हिरवं उभं राहिलेलं. त्याच्या कणसाला केस आले तेव्हा तिच्या बाकीच्या मक्याचं पीठ झडून गेलं होतं. माझ्या मक्याचं ऐन भरात होतं. साल ओढलं तर कणीस जवळपास सगळं पिवळं.

काकी कणीस मांडीवर ठेवून बोट फिरवत राहिली, बाळाच्या अंगावर पुरळ उठलंय का बघावं तशी.

मग उठली ती थेट रखमाकाकीच्या दारात. रखमाकाकी तिची जाऊ. दोघींच्या अंगणात फक्त कुडाचा आडोसा. रखमाकाकी कोंबड्या पाळायची, त्यांना बाजारचा पिवळा मका घालायची, आणि तिच्या उकिरड्यावर त्यातली पाच-सहा झाडं उगवून वर आली होती. तीही तुऱ्यावर आली होती, हे खरं.

"रखमे, तुझ्या कोंबड्यांनी माझं वाटोळं केलं!"

"कोंबड्या उडून तुझ्या शेतात गेल्या काय गो?"

"कोंबड्या नाय, मका! उकिरड्यावरचा! तुला ताक दिलं होतं मी."

"मी कुठं लावला? सांडला, उगवला. तू ताक मला दिलंस, उकिरड्याला नाय दिलंस."

एरवी वाडी या वाक्यावर पोट धरून हसली असती. कुणी हसलं नाही, कारण काकीच्या डोळ्यांत पाणी होतं. ती उकिरड्यावर गेली, वाळलेली झाडं मुळासकट उपटून रखमाकाकीच्या दारात टाकली आणि म्हणाली, "आजपासून तुझं माझं बोलणं बंद." ते बंद झालं. पऱ्यावर एक आली की दुसरी कळशी घेऊन परत जायची.

मी तिथे कणसांचा पाला गोळा करत होते. उकिरडा काकीच्या मक्याच्या खालच्या अंगाला आहे, तिथून वारा वर चढत नाही, हे मला माहीत होतं. शांत डोक्याने तिलाही कळलं असतं. मी पाला गोळा करत राहिले.

शिमगा झाल्यावर एका बियाणे कंपनीचा साहेब वाडीत आला. पोलादपूरच्या गुरांच्या डॉक्टरांनी त्याला काकीचं नाव सांगितलं होतं. भला माणूस होता. कणसं उलटसुलट करून बघत म्हणाला, "काकी, एवढी विविधता तुम्ही टिकवलीत कशी?"

"ती काय असते?"

"म्हणजे एका मक्यात या नाना तऱ्हा."

"मी नाय टिकवली. ती असतेच. मी फक्त घालवली नाय."

त्याने खिशातून वही काढून ते लिहून घेतलं आणि दोन किलो बी मागितलं. काकी नाही म्हणाली. "ह्या वर्षी भेसळ झालीय. भेसळीचं बी दिलं तर माझं नाव जाईल. पिवळा दाणा वेचून, पांढरा तेवढा पेरून, एक वर्ष बघते. मंग मागा." मग माझ्या दंडाला धरून तिने मला पुढे ओढलं. "त्यापरीस ही पोरगी न्या. आठवीत शाळा सोडलीय, पण मला येतं ते सगळं हिला येतं. सुगी नाव. हिच्यात भेसळ नाय."

साहेब हसला. मी खाली बघत होते, तो मला लाजाळू समजला.

अशी मी कर्नाटकात आले. कंपनीच्या शेतावर, मक्याच्याच कामावर. आम्ही आठ बायका दोन खोल्यांत राहतो. त्यांची भाषा मला अजून अर्धीच कळते, भात मात्र आपल्यासारखाच जेवतात. सकाळी कणसाला केस फुटायच्या आत कागदी पिशव्या चढवायच्या. तुऱ्यावर वेगळी पिशवी. मग ठरलेल्या तुऱ्याचं पीठ ठरलेल्या कणसावर झटकायचं आणि लगेच पिशवी बंद. वाऱ्याला जागाच ठेवायची नाही. काकी जे एक कळशी ताकावर करायची ते इथे हजारो पिशव्यांवर चालतं. पहिल्या दिवशी सुपरवायझर म्हणाला, एक पिशवी फाटली तर सगळ्या ओळीची मेहनत गेली समज. मी हातातल्या पिशव्या खाली ठेवून बांधावर जाऊन बसले. मुकादम बाईला वाटलं ऊन लागलं.

तिथेच एकदा टेबलावर एक कणीस पाहिलं. दाण्यांमध्ये काही दाणे सुरकुतलेले, वाळक्या बोरासारखे. मी विचारलं, हा रोग का? सुपरवायझर म्हणाला, नाही, या मक्यात मागच्या पिढीत गोड मका मिसळलाय. पहिल्या वर्षी दाणा टपोराच दिसतो, गोड मक्याची सुरकुती लपून राहते. दुसऱ्या वर्षी बाहेर येते. मी विचारलं, मग फेकून द्यायचं? छे, म्हणाला, त्याच कणसांतले टपोरे आणि पांढरे तेवढे वेचायचे, पुन्हा पेरायचे, पुन्हा वेचायचे. थोडी वर्षं जातात, पण आईचे गुण हाताशी राहतात.

त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. काकीचं ते लाडकं झाड वाचवता येईल. आणि ते कसं वाचवायचं हे सांगायला मी तोंड उघडलं, की गोड मका कुणाचा हेही सांगावं लागेल. वाडीत गोड मका लावणारी मी एकटीच. कोंबड्यांच्या मक्याला सुरकुती नसते.

मी महिन्यातून एकदा काकीला फोन करायचे. तोच मोबाईल. ती ओरडून बोलायची, जसं कर्नाटकापर्यंत आवाज स्वतःच पोचवायचा आहे. पिवळे दाणे चांदीला भरडून घातले, म्हणाली, पण त्या उशिराच्या झाडाचे फेकवले नाहीत. "आई माझीच हाय ना गो त्यांची. बाप कुणीबी असो." ते दाणे तिने खालच्या खाचरात, सगळ्यांपासून लांब आणि उशिरा लावले होते. झाडं अशी आली होती की धक्का मारताना तीच मागे सरायची. मी हं हं म्हणायचे. 

पुढच्या शिमग्याला सुटी मिळाली, वाडीत गेले. काकीने मला ओट्यावर बसवलं, गूळपाणी दिलं आणि पदराखालून एक कणीस काढून माझ्या मांडीवर ठेवलं. खालच्या खाचरातलं. पिवळे, पांढरे, आणि मध्ये मध्ये सुरकुतलेले दाणे.

"तू आता कंपनीची," ती म्हणाली. "सांग, हे काय हाय?"

तिच्या तोंडाकडे बघितलं. ती परीक्षा घेत नव्हती. खरोखर विचारत होती, आपल्याला न कळलेलं दुसऱ्याला विचारावं तसं. त्या बाईने मला आयुष्यात पहिल्यांदा काही विचारलं होतं.

"रोग हाय, काकी," मी म्हटलं.

"रोग?"

"हां. तिकडं बघितलाय मी. पहिल्यांदा दाणा पिवळा पडतो, मग असा सुरकुततो. जाळून टाकावं लागतं."

"पांढऱ्याला लागंल?"

"ठेवलं तर लागंल."

तिने कणीस उचलून परत पदराखाली घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे रखमीच्या मक्यानं नाय झालं."

"नाय."

ती लगेच उठली. कुडाच्या आडोशापाशी जाऊन हाक मारली, "रखमे! ये गो बाहेर. माझी चूक झाली. तुझ्या कोंबड्यांचा काय दोष नाय. रोग हाय, रोग. सुगी सांगतेय, कंपनीची."

रखमाकाकी बाहेर आली. कमरेवर हात. "शिमगा ते शिमगा," ती म्हणाली. "वर दोन दिवस. एवढे दिवस मी कुणाशी भांडायचं सांग? ह्या कोंबड्यांशी?" आणि दोघी रडायला लागल्या, आणि रडता रडता एकमेकींना ढकलायला लागल्या.

तेव्हा सांगायला हवं होतं. दोघी समोर होत्या. मी स्वतःला सांगितलं, आता कुठे बोलायला लागल्यात, कशाला मोडा. चांगलं कारण होतं ते. मला चांगली कारणं सापडतात.

संध्याकाळी न्हाणीच्या चुलीत काकीने खालच्या खाचरातली सगळी कणसं घातली. टपोरे दाणे तडतड फुटत होते. रखमाकाकी म्हणाली, "लाह्या फुटतायत गो तुझ्या रोगाच्या!" काकी हसली. एक कणीस मात्र, सगळ्यांत लांब होतं ते, तिने बराच वेळ हातात धरलं. मग तेही टाकलं. हात धुऊन मला म्हणाली, "उद्या जाताना पांढऱ्यातलं मूठभर बी देते तुला. इथं रोग शिरलाय म्हणतेस, तर एक मूठ तुझ्याकडं असूदे. तिकडं पिशव्या घालून राख."

सकाळी सातची गाडी होती. मी निरोप घ्यायला गेले तर काकी गोठ्यात होती. खालच्या खाचरातली धाटं रात्री अंगणातच पडली होती, हिरवीगार, दव धरलेली. ती जाळायला तिचं मन झालं नव्हतं. तिने एक पेंडी तोडून चांदीपुढे टाकली होती आणि समोर उकिडवी बसली होती, नेहमीसारखी.

चांदीने हुंगलं. मी उभी होते तिथेच थांबले.

चांदीने खायला सुरुवात केली. पानं गेली, शेंडे गेले. मग तिने जाड धाटं घेतली, खालच्या पेरांपर्यंत, जी ती कधी खात नसे. कडाकडा चावून खाल्ली. बुडखे खाल्ले. शेवटी जीभ काढून गव्हाणीचा दगड चाटला आणि मान वर करून काकीकडे बघितलं, आणखी आहे का म्हणून.

काकीने गव्हाणीत हात घातला. कडेपासून कडेपर्यंत तळवा फिरवला. हात बाहेर काढून उलटा केला, बघितला.

"कायबी नाय उरलं," ती म्हणाली. माझ्याशी नव्हे.

त्या पावसाळ्यात काकी गेली. गणपतीच्या आधी, चार दिवसांच्या तापात. मला सुटी मिळाली नाही. मिळाली असती तर गेले असते का, माहीत नाही. दिवाळी जवळ आल्यावर रखमाकाकीचा फोन आला. आता चांदी तिच्याकडे आहे.

"सुगे, भागीच्या डब्यात पुरचुंडी सापडली. लाल चिंधीत बांधलेली. पांढरा मका. तुझ्यासाठी बांधलीन म्हणून मला सांगितलं होतं तिनं, शिमग्याला. मंग दिली का नाय गो तुला?"

मी सगळं सांगितलं. खाचर, सोंड, गोड मका, रोग, सगळं. खोलीतल्या बायकांना भाषा कळत नव्हती, पण त्यांनी जेवते हात थांबवले होते. पलीकडे रखमाकाकीने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग कोंबडीचा आवाज आला.

"म्हंजे माझ्या कोंबड्यांचं नाव फुकट गेलं," ती म्हणाली. "शिमगा ते शिमगा."

"हो काकी."

"आन ते जाळलं ते चांगलं होतं."

"हो."

मग मीच विचारलं, "काकीला कळलं होतं का गो?"

"मला माहीत हाय," रखमाकाकी म्हणाली. "पण मी नाय सांगणार तुला. तू ऱ्हा तशीच."

बी कसं पेरायचं, उशिराची झाडं कशी ओळखायची, मी सांगायला लागले. तिने तोडलं. "ताक मी वाटणार हाय ह्या वर्षी. घरोघर. आन धक्का मारायला मला कुणी शिकवायला नको, भागीपेक्षा वजन जास्त हाय माझं." आणि फोन ठेवला. पुरचुंडी पाठवते म्हणाली नाही. मीही मागितली नाही. ती जिथे आहे तिथेच बरी.

मी रोज पिशव्या चढवते. माझी पिशवी फाटत नाही, सुपरवायझर इतर बायकांना माझं काम दाखवतो. तेव्हा मला ती शेवटची सकाळ दिसते.

गव्हाणीपासून उठून काकी मला पोचवायला थांब्यापर्यंत आली.  कमरेला डाव्या बाजूला लुगड्यात काहीतरी खोचलेलं होतं, छोटा फुगवटा, आणि चिंधीचं लाल टोक बाहेर आलेलं. गाडी वळणावर दिसली तेव्हा तिचा हात तिथे गेला. मी पिशवी खांद्यावरून उतरवली, ठेवायला जागा करावी म्हणून. गाडी थांबली. हात तिथेच होता.

"पोचलीस की फोन कर," ती म्हणाली.

मी हात पुढे केला नाही. चढले. मागच्या काचेतून बघितलं तर ती रस्त्यात तशीच उभी होती, एक हात कमरेवर, फुगवट्यावर घट्ट दाबलेला. गाडी वळली तोवर तो हात हलला नव्हता.